गळतीच्या मागावर

रात्री उशिरा मोटारसायकलींची घरघर ओसरली की कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये गळती शोधणारी माणसं कामाला लागतात. शहराचे विभाग पाडलेले आहेत आणि विभागात शिरणारं पाणी मीटरवर मोजलं जातं. सगळे झोपलेले असताना मीटर जोरात फिरत असेल, तर पाणी जमिनीत मुरतंय हे नक्की. मग रस्त्यावरच्या व्हॉल्व्हला लोखंडी साउंडिंग रॉड टेकवायचा आणि वरच्या टोकाला कान लावायचा. रात्री वापर घटून दाब वाढलेला असतो, त्यामुळे फुटक्या जलवाहिनीची बारीक, न थांबणारी सूंऽऽ ऐकू येते. मी कान लावला, तर मला सगळे व्हॉल्व्ह सारखेच वाटले. सोबतचा कामगार पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत गेला, पुन्हा मागे आला, मधली जमीन चार ठिकाणी ऐकली आणि डांबरावर खडूने फुली मारली. तिथेच खणायचं.

या फुलीमागे मोठा इतिहास आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या सत्ता काबीज केलेल्या कम्युनिस्ट संघटनेने हे शहर रिकामं करायला सुरुवात केली. सुमारे २० लाख माणसं खेड्यांकडे हाकलली गेली. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा वाहिन्या कुठून जातात हे ठाऊक असलेले बहुतेक लोक उरले नव्हते. परतलेल्यांनी मिळेल त्या घरात बिऱ्हाड थाटलं. नळाला दाब नव्हता, म्हणून लोकांनी दारापुढे खड्डे खणून थेट वाहिनीतूनच पाणी उपसलं. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

१९९३ मध्ये एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) शहराच्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के गळतीत आणि चोरीत जात होतं. त्यांनी घरोघरी मीटर बसवले, बेकायदा नळजोड तोडले. एका लष्करी जनरलने मीटरला विरोध करून त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. चान सशस्त्र पोलीस घेऊन परतले आणि त्याचा नळ तोडला. माझ्या मते शहर खरं तिथे सावरलं. बड्या माणसालाही पाणीपट्टी भरावी लागते, हे दिसल्यावरच गरिबाने ती आनंदाने भरली असणार.

२००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे वाया जाणारं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं. तेवढं राखायलाही रोज रात्री कुणाला तरी रॉड घेऊन फिरावं लागतं, कारण एक सांधा बुजवला की दाब वाढतो आणि पुढचा कच्चा सांधा सुटतो.