आपला माल नेमका कोणत्या जहाजात?

भाऊच्या धक्क्यावरून रेवस किंवा मोऱ्याच्या लाँचमध्ये बसले की बंदरात नांगरलेली मालवाहू जहाजे अगदी जवळून दिसतात. कोकणातल्या आपल्या किती तरी घरांत एकेकाळी सारंग, टंडेल, खलाशी होते. मुंबई-जेद्दा हजची बोट १९९५ साली बंद झाली आणि आपल्या समाजाचा गोदीशी उरलासुरला संबंधही सुटला. माल मात्र अजूनही बोटीनेच जातो. म्हणून जहाज वाचता येणे हा आम्ही नुसता शौक समजत नाही.

जहाजाच्या कुशीवर मधोमध एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते. शेजारी लहान रेघांची शिडी असते. उन्हाळ्यात कुठवर भरायचे, हिवाळ्यात कुठवर, गोड्या पाण्यात कुठवर, हे त्या सांगतात. हिवाळ्यात समुद्र खवळतो म्हणून रेघ खाली. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडते म्हणून रेघ वर. जुनाट जहाजे विमा उतरवून वाटेल तशी भरायची आणि खलाशी बुडाले तर बुडाले, असा धंदा विलायतेत चाले. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवले, तेव्हा १८७६ साली कायदा झाला. गंमत अशी की रेघ कुठे मारायची हे सुरुवातीला मालकावरच सोडले होते! तराजूत माप मारणे आपल्यात हराम आहे. इथे तर माणसांचे जीव जातात.

मागच्या बाजूला जहाजाचे नाव आणि नोंदणीचे बंदर लिहिलेले असते. तिथे पनामा किंवा मोनरोव्हिया वाचून मालक तिकडचा समजू नये. तो ग्रीक असेल, जपानी असेल. नावही विक्रीबरोबर बदलते. बदलत नाही तो सात आकडी आयएमओ नंबर. तो अस्सल दिसतो का, हे कागदावरच तपासता येते. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करावी. बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असला पाहिजे. ९१२३४५ घेतले तर बेरीज ११३, म्हणून सातवा आकडा ३.

याचा उपयोग काय? लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक कागद पाहते, माल पाहत नाही. बिल ऑफ लेडिंग नीट दिसले की पैसे सुटतात. अमुक तारखेला अमुक बंदरात माल चढला असे बिलात लिहिलेले, आणि ते जहाज त्या दिवशी दुसऱ्याच समुद्रात, अशी लबाडी परदेशातून माल मागवणाऱ्याला पुरती बुडवते. परदेशी फेरी करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना आपला ठावठिकाणा सांगणारे एआयएस यंत्र लावावे लागते. त्याची माहिती आज मोबाईलवर मिळते. पैसे सुटण्याआधी नाव, नंबर आणि तारीख जुळवायला पाच मिनिटे पुरतात.

लाल निशाण दिसले तर जहाजावर धोक्याचा माल आहे. अर्धे पांढरे, अर्धे लाल असेल तर पायलट चढलेला आहे. शिडाचे मोठे जहाज पाहायचे तर गोवा शिपयार्डने बांधलेले, १९९७ साली नौदलात आलेले ‘तरंगिणी’ आहे. लाकडी वहाणे बांधणारे कारागीर कच्छच्या मांडवीला रुक्मावतीच्या काठावर भेटतील. गोदीच्या आत मात्र परवान्याशिवाय जाऊ नये, फोटोही काढू नये. लाँचमधून दिसते तेवढे पुष्कळ आहे.