मोटारगाडीच्या टायरची रुंदी

टायर योग्य रिमवर बसवून त्यात ठरविलेल्या दाबाची हवा भरली असता त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधील बाहेरून मोजलेले अंतर म्हणजे टायरची रुंदी होय. बाजूंवर उठविलेली अक्षरे व संरक्षक कंगोरे या मापात धरीत नाहीत. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार पृष्ठाची रुंदी याहून कमी असते. टायर जितका रुंद तितकी गाडी सुरक्षित, असा समज सर्वत्र आढळतो; तथापि तो पूर्णतः खरा नाही. योग्य रुंदी ही रिमची रुंदी, चाकावरील भार, चाकाचा एकूण व्यास व रस्त्याची स्थिती यांवरून ठरते. ठाणे, कल्याण व डोंबिवली यांसारख्या अतिवृष्टीच्या व अवजड वाहतुकीच्या प्रदेशात या निवडीला विशेष महत्त्व आहे.

मापनाची पद्धत : जुन्या तिरप्या धाग्यांच्या टायरांची रुंदी इंचात देत असत. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीला ५.२०-१४ या मापाचा टायर असे. म्हणजे रुंदी ५.२० इंच (१३२ मिमी.) व रिमचा व्यास १४ इंच. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे एकस्व घेतले. या प्रकारात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात व नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे रुंद पण कमी उंचीचे टायर बनविणे सुकर झाले. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून पुढे भारतात छोट्या गाड्यांचे युग सुरू झाले. या गाडीला दीर्घकाळ १४५/७० आर १२ या मापाचे टायर होते.

आधुनिक टायरवरील ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या खुणेचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे : १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी; ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सु. १२० मिमी.; आर म्हणजे रेडियल; १५ हा रिमचा इंचातील व्यास; ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किग्रॅ.; आणि एच हे ताशी २१० किमी. या कमाल वेगाचे चिन्ह. रिमचा व्यास ३८१ मिमी. व दोन्ही भिंतींची उंची मिळून या चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिमी. होतो. भारतात मोटारगाड्यांच्या टायरांसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे.

रिम व रुंदी : प्रत्येक मापाच्या टायरसाठी रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. १८५/६५ आर १५ या टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीचे रिम चालते; त्याचे मापन ५.५ इंच रिमवर करतात. रिम अर्ध्या इंचाने बदलले, तर त्याच टायरची रुंदी सु. ५ मिमी. ने बदलते. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढविल्यास भिंती आत ओढल्या जातात, टायर फुगीर दिसतो, नक्षी मध्यभागी लवकर झिजते व वळणावर भिंत लचकून गाडी डळमळते. उलट फार रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो. त्याची कडा रिमवरून सुटण्याचा धोका असतो आणि खड्ड्यात रिमला थेट मार बसतो.

एकूण व्यास व भार : रुंदी बदलताना एकूण व्यास शक्यतो तोच राहिला पाहिजे. एकाच गाडीच्या निरनिराळ्या प्रतींना १६५/८० आर १४ व १८५/६५ आर १५ असे दोन टायर दिलेले आढळतात. रुंदीत २० मिमी. चा फरक असूनही पहिल्याचा व्यास ६१९.६ मिमी., म्हणजे दुसऱ्याहून जेमतेम २ मिमी. कमी आहे. याउलट १८५/६५ ऐवजी २०५/६५ आर १५ हा टायर घातल्यास व्यास ६४७.५ मिमी., म्हणजे सु. ४ टक्क्यांनी अधिक होतो. अशा वेळी अचूक वेगदर्शकाने ताशी ८० किमी. दाखविले, तरी प्रत्यक्ष वेग ताशी ८३ किमी. हून अधिक असतो. शिवाय चाक पूर्ण वळविले असता किंवा गाडी भरलेली असता टायर आतील पत्र्याला घासू शकतो.

रुंदी वाढली म्हणजे भारक्षमता वाढतेच असेही नाही. मोठे मिश्रधातूचे रिम बसवून त्यावर १९५/५५ आर १६ हा टायर घातल्यास व्यास जवळजवळ तोच (६२०.९ मिमी.) राहतो, परंतु त्याचा सर्वसामान्य भारांक ८७, म्हणजे ५४५ किग्रॅ. असतो. टायर १० मिमी. ने रुंद होऊनही प्रत्येक चाकाची क्षमता १५ किग्रॅ. ने घटते. म्हणून निर्मात्याने दिलेल्या भारांकाहून कमी भारांकाचा टायर घेऊ नये.

पावसाळी रस्त्यावरील वर्तन : टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श मुख्यतः चाकावरील भार व हवेचा दाब यांवर अवलंबून असतो. एका चाकावर २५० किग्रॅ. भार व हवेचा दाब २.३ किग्रॅ./चौ. सेंमी. असल्यास स्पर्शाचे क्षेत्रफळ सु. १०९ चौ. सेंमी. येते (भिंतींच्या ताठपणामुळे यात थोडा फरक पडतो). टायर रुंद केला तरी हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. फक्त त्याचा आकार बदलतो. स्पर्शाची रुंदी १४ सेंमी. असता लांबी सु. ७.८ सेंमी. येते, रुंदी १६ सेंमी. केली तर लांबी ६.८ सेंमी. उरते. कोरड्या रस्त्यावर हा आखूड व रुंद आकार वळण घेताना उपयुक्त ठरतो, कारण गाडी सुकाणूला लवकर प्रतिसाद देते.

रस्त्यावर पाणी साचले की स्थिती उलटते. ताशी ८० किमी. वेगाने ३ मिमी. खोल पाण्यातून जाताना १४ सेंमी. रुंदीच्या स्पर्शाला दर सेकंदाला सु. ९.३ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, १६ सेंमी. रुंदीला सु. १०.७ लिटर. स्पर्शाची लांबी कमी असल्याने पाणी हटविण्यास मिळणारा वेळही कमी होतो. पाणी पुरेसे हटले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व सुकाणू आणि ब्रेक निष्प्रभ होतात. म्हणून नक्षी व दाब सारखे असता रुंद टायर कमी वेगातच तरंगतो. हवेचा दाब कमी असणे व नक्षी झिजलेली असणे यांमुळे हा धोका आणखी वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारगाडीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी. असावी लागते, पावसाळ्यात याहून पुष्कळ अधिक खोली असणे हितकर असते.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी २,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. न्हावा शेवा बंदर, भिवंडीची गोदामे व गुजरात यांना जोडणारी अवजड वाहतूक शीळफाटा, मुंब्रा वळणमार्ग आणि घोडबंदर रस्ता यांवरून जाते. अशा भाराखाली डांबरी रस्त्यावर चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते व पुढे खड्डे होतात. रुंद टायर चाकोरीच्या कडेने गाडीला बाजूला ओढतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकाला दिसत नाही; तेथे आघात झेलण्याचे काम टायरच्या भिंतीला करावे लागते. १२० मिमी. ऐवजी १०७ मिमी. उंचीची भिंत असल्यास रिम वाकण्याची किंवा आतील धागे तुटून बाजूला फुगा येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे कल्याण-शीळ किंवा घोडबंदर मार्गाने रोज ये-जा करणाऱ्या गाडीला निर्मात्याने दिलेली रुंदी व उंची कायम ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते.

निवडीचा क्रम : प्रथम चालकाच्या दाराच्या चौकटीवरील अथवा माहितीपुस्तिकेतील माप, भारांक व हवेचा दाब पाहावा. बदल करावयाचाच असल्यास तो त्याच गाडीच्या अन्य प्रतींसाठी निर्मात्याने मान्य केलेल्या मापांपुरता ठेवावा. रिमची रुंदी त्या टायरच्या मर्यादेत आहे याची खात्री करावी. एकूण व्यासातील फरक ३ टक्क्यांच्या आत व भारांक मूळ किंवा त्याहून अधिक असावा. एकाच आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे, प्रकाराचे व सारख्या नक्षीचे असावेत. दोनच नवे टायर घेतल्यास ते मागील चाकांना बसवावेत, कारण मागील चाके घसरली असता गाडी गिरकी घेते व ती सावरणे सामान्य चालकास कठीण जाते. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा. रुंद टायरमुळे इंधनाचा खर्च, आवाज व किंमत ही सामान्यतः वाढतात, हेही निवडीच्या वेळी ध्यानात घ्यावे लागते.