गोष्टीतली तलवार आणि खरी काठी

शाळेला सुट्टी लागली, की घरोघरी एक तरी लेखक जन्माला येतो. तुमच्याकडेही असेलच! पाठकोऱ्या वहीत एक राज्य वसतं, त्यात तेरा-चौदा वर्षांची शूर नायिका असते. दुसऱ्या पानावर तिला गुरू भेटतात, तिसऱ्यावर तलवार मिळते आणि चौथ्या पानावर शंभर शत्रू गारद! मग मध्येच लेखिकाबाई स्वयंपाकघरात येतात आणि विचारतात, "आई, पूर्वीची मुलं शस्त्रं शिकायची कशी गं?" आपण कणीक मळता मळता म्हणतो, "शिकायची सराव करून!"

मैत्रिणींनो, एवढ्यावर बोळवण करू नका. हे शिक्षण आपल्याकडे अजून चालू आहे, पुस्तकात शोधत बसायची गरज नाही. कोल्हापुरात तालमींतून आणि आखाड्यांतून मुलंमुली आजही मर्दानी खेळ शिकतात. आपल्या उपनगरांतही शिवजयंतीच्या मिरवणुकीत नाहीतर गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत लाठी-काठी आणि दांडपट्ट्याची प्रात्यक्षिकं होतात. नऊवारी नेसलेल्या मुलींचा पट्टा गरगर फिरतो, आपण टाळ्या वाजवतो आणि पुढे निघतो. पण ती मुलगी त्या रस्त्याच्या मधोमध येण्याआधी काय काय शिकली असेल, ते आपल्या लेखिकाबाईंना कळायला हवं.

पहिल्या दिवशी हातात शस्त्र कुणी देत नाही. आधी पाय! पुढचा पाय कुठे, मागचा कुठे, वजन कशावर, वळताना तोल कसा राखायचा. याला पवित्रा म्हणतात. आपण "तिनं पवित्रा घेतला" असं सहज लिहून टाकतो, पण त्या दोन शब्दांमागे कित्येक दिवसांची पायपीट असते. कंटाळवाणं असतं ते. निम्मी मुलं इथेच पळत असतील, असं मला आपलं वाटतं.

मग येते काठी, उंचीला साधारण शिकणाऱ्याच्या कानापर्यंत. ती फिरवायची ती खांद्याच्या जोरावर नव्हे, मनगटानं. आधी एका हातानं, मग दुसऱ्या, मग डोक्यावरून, पाठीमागून. डाव्या हाताला उजव्याइतकंच वळण लागेपर्यंत तेच ते. काठी स्वतःच्याच नडगीला लागते, कोपराला लागते. नायिकेच्या अंगावर पहिला वळ शत्रूचा नको, तिच्या स्वतःच्या काठीचा दाखवा. गोष्ट एकदम खरी वाटेल.

तलवार शिकण्याआधीची पायरी तर फारच हुशारीची आहे. तिचं नाव फरी-गदगा. फरी म्हणजे लहानशी ढाल आणि गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली छडी. तलवारीचे सगळे हात यावर शिकायचे. मार बसतो, पण जीव जात नाही. भाल्यासाठी अशीच बोथाटी. लांब काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोंडा आणि त्याला रंग. घोड्यावरून एकमेकांवर चालून जायचं आणि कुणाच्या अंगावर कुठे रंग लागला ते पाहायचं. भांडणाला जागाच नाही, अंगरखाच साक्ष देतो!

आणि दांडपट्टा? त्याचं लांब, लवलवतं पातं आणि कोपराच्या दिशेनं हात झाकणारी पोलादी मूठ आपल्या माहितीची आहे. पण त्या मुठीमुळे मनगट वळत नाही, हे ठाऊक होतं का? म्हणजे काठीनं जे मनगट तयार केलं, ते इथे बंद! हात खांद्यातून आणि अंग कमरेतून फिरवावं लागतं. म्हणूनच पट्टा फिरवणारा माणूस एका जागी उभा दिसत नाही, गिरक्या घेत राहतो. पात्यावर ताबा किती आहे, हे जमिनीवरचं लिंबू कापून दाखवतात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

ही रीत काही आपलीच नाही, बरं का. केरळच्या कळरीपयट्टूत पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नुसतं शरीर, मग लाकडी आयुधं, मग लोखंडी आणि सगळ्यांत शेवटी रिकाम्या हातानं लढणं. मला या क्रमाचं फार नवल वाटतं; आपण समजतो नेमकं त्याच्या उलट! तिथल्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीत गेल्या आणि पंचाहत्तरीच्या घरात, २०१७ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हाही त्या शिकवत होत्या. तिकडे प्राचीन रोममध्ये नव्या शिपायाला लाकडी तलवार देत, पण खऱ्याच्या दुप्पट वजनाची. जमिनीत रोवलेल्या खुंटावर तिनं घाव घालायचे. ती सवय झाली, की खरी तलवार हलकी वाटे.

वजनावरून आठवलं. चित्रपटातल्या तलवारी पाहून मुलांना वाटतं, ती दहा-पंधरा किलोंची असेल. छे! नेहमीची लढाऊ तलवार एक किलोच्या आगेमागेच असते. एक प्रयोग करा. लिटरभराची बाटली पाण्यानं भरा आणि लेखिकाबाईंना म्हणा, हात खांद्याच्या रेषेत सरळ लांबव आणि ही धर. बघा मिनिटभरात काय होतं ते! आणि बाटलीचं वजन मुठीतच असतं. तलवारीचं मुठीच्या पुढे पसरलेलं असतं, म्हणून ती जास्तच ओढते. नायिका दिवसभर लढत राहिली असं लिहायचं का, हे मग तिचं तीच ठरवील.

खरी शस्त्रं पाहायची असतील तर एखाद्या रविवारी डबा घेऊन निघा. बोरिवली-अंधेरीच्या मंडळींनी चर्चगेटला उतरावं, मुलुंड-घाटकोपरच्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं स्वतंत्र दालन आहे. मुठी नीट पाहायला सांगा. आपल्या पंजालाही त्या किती लहान वाटतात! येताना दादरला शिवाजी पार्कवर १९२५ साली सुरू झालेलं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथला मल्लखांब पाहिला, की शस्त्राआधी अंग कसं तयार करतात ते कळतं. तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आणि एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मिळाला, तर आपल्याकडच्या व्यायामांची आणि मर्दानी खेळांची माहिती हवी तेवढी आहे.

मात्र हौसेपायी घरबसल्या तलवार मागवू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार शस्त्रांवर निर्बंध आहेत. वाढदिवसाची भेट आणि दारात पोलीस, असं नको व्हायला!

एक गोष्ट मुलांच्या कथांमध्ये कधीच नसते, ती मात्र आपण आयांनी सांगायला हवी. हे सगळं शिक्षण कशासाठी होतं? पेशव्यांचा विश्वासराव असाच लहानपणापासून शिकून तयार झालेला. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर तो पडला, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. आपल्याकडे बारावी झालेला मुलगा असतो, तेवढा! जूनमध्ये वडील नानासाहेब गेले. आई गोपिकाबाई मागे राहिल्या. पुढे १७७२ साली माधवराव क्षयानं गेले आणि १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तेही त्यांनी पाहिलं. लेखिकाबाईंना विचारा, तुझी नायिका लढाईला निघते तेव्हा घरी कोण असतं? ती काय बोलते? बहुतेक वहीत या प्रसंगाला जागाच ठेवलेली नसते.

आता, गोष्ट लिहिता लिहिता "मलाच काठी शिकायचीय" असं निघालं तर? "मुलीच्या जातीला कशाला?" हे वाक्य आजीच्या तोंडून येईल, कदाचित तुमच्याही. झाशीची राणी लहानपणी बिठूरला घोडा आणि तलवार शिकली, हे त्याच आजींनी आपल्याला कौतुकानं सांगितलेलं असतं! तेव्हा जरूर पाठवा, पण वर्ग आधी स्वतः जाऊन पाहा, पैसे मागाहून भरा. मुलांमुलांत काठी फिरवण्याइतकं अंतर ठेवतात का? नवख्याला पहिल्याच आठवड्यात जोडीनं खेळायला तर लावत नाहीत ना? जोडीच्या खेळात डोळ्यांची काळजी घेतात का? शिकवणारे मुलींशी कसं बोलतात, लागलं-खुपलं तर काय करतात, आयांना बसून पाहू देतात का? "पालकांनी आत यायचं नाही" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

काठी घरी आली, की पंख्याखाली फिरवायची नाही, गच्चीवर जायचं. केस घट्ट बांधायचे, ओढणी, साखळी आणि बांगड्या काढून ठेवायच्या. सुरुवातीला मनगट दुखेल. रात्री कोमट पाण्यात मीठ घालून शेक द्या. सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं नाही, तर मात्र घरगुती उपाय पुरेत, डॉक्टरांना दाखवा.