रक्त दिसण्याआधीची तपासणी

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याधच, आणि रक्त जात नसेल तर तपासणी कशाला, हे दोन्ही समज एकाच गोंधळातून येतात. स्क्रीनिंग असते ती काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी. ज्याला रक्त जाते, शौचाची सवय बदलली आहे किंवा विनाकारण हिमोग्लोबिन उतरले आहे, त्याला निदान हवे. त्याने डॉक्टरकडेच जावे. मूळव्याध असलेल्यालाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून मूळव्याध सापडली की शोध थांबवणे घातक. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा पॉलिप नावाच्या लहानशा वाढीतून होतो आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. या काळात काहीच दुखत नाही. पॉलिप तेव्हाच काढला तर पुढचा कॅन्सर टळतो.

‘हा आजार पाश्चात्त्यांचा’ या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याकडे प्रमाण खरोखर कमी आहे, म्हणूनच सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर येतात. हा निर्णय मला पटतो, पण तो सगळ्या देशाचा हिशेब झाला. ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला, त्याचा धोका वेगळा. त्याने चाळिशीत, किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. हा केवळ म्हातारपणाचा आजारही नाही: परळच्या टाटा रुग्णालयाने अभ्यासलेल्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत निघाले. आपली लोकसंख्या तरुण असल्याचा त्यात वाटा आहे, हे मान्य. पण अमेरिकेतही 2021 साली तपासणीचे वय 50 वरून 45 वर आणावे लागले.

राहिली कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याची, धास्ती. सुरुवात तिनेच करायला हवी असे नाही. फिट चाचणीत शौचाचा नमुना घरीच घेतात, पथ्य नसते, आणि डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात सापडते. मिनेसोटातल्या प्रयोगात याच्याच जुन्या प्रकारची चाचणी दरवर्षी केल्याने या कॅन्सरचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटले. निष्कर्ष 1993 साली आले. ‘दरवर्षी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण एकदा निगेटिव्ह आल्याने कायमची हमी मिळत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असेही नाही, पण मग कोलोनोस्कोपी टाळता येत नाही. आणि त्यासाठी रुग्णालय गाठावे लागते. मुंबईत खाडीपलीकडच्या गोराई गावातून बोरिवलीला यायचे तर होडी, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा; कोलोनोस्कोपीआधीचे पोट साफ करण्याचे औषध घेऊन तो प्रवास सोपा नाही. नमुना मात्र सहज खाडी ओलांडतो. म्हणून तिथे शिबिर घेणाऱ्यांनी नमुने गोळा करण्याआधीच, पॉझिटिव्ह येणाऱ्यांची कोलोनोस्कोपी कुठे होणार आणि त्यांना तिथे कोण नेणार, हे ठरवून ठेवावे.