ट्रामाडॉल विड्रॉवल

ट्रामाडॉल विड्रॉवल म्हणजे ट्रामाडॉल हे वेदनाशामक दीर्घकाळ घेतल्यानंतर अचानक थांबवल्यास किंवा त्याची मात्रा झपाट्याने कमी केल्यास उद्भवणारा लक्षणसमूह होय. ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीने हे औषध १९७७ मध्ये बाजारात आणले. सौम्य ओपिऑइड अशी ख्याती असल्याने भारतात ते दीर्घकाळ सहज मिळत असे. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

ट्रामाडॉलची क्रिया दुहेरी असते. यकृतातील सीवायपी२डी६ या विकरामुळे तयार होणारा त्याचा घटक ओपिऑइड ग्राहींवर कार्य करतो, तर मूळ औषध सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन यांचे पुनर्ग्रहण रोखते. त्यामुळे विड्रॉवलचीही दोन रूपे दिसतात. जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब व अस्वस्थता हे परिचित रूप. दुसऱ्या, कमी आढळणाऱ्या रूपात हातापायांना मुंग्या व बधिरता, भास, संशयग्रस्तता, तीव्र घबराट आणि गोंधळ दिसतो. हे रूप मेंदूच्या किंवा मनाच्या स्वतंत्र आजारासारखे भासते व निदान चुकते ते बहुधा येथेच.

निदान

निदान मुख्यतः औषधांच्या इतिहासावरून होते. लक्षणे सामान्यतः शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन दिवसांत सुरू होतात. अनेक रुग्णांना आपण ट्रामाडॉल घेत होतो हेच ठाऊक नसते, कारण ते पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटे पाहणे उपयुक्त ठरते. औषध चालू असतानाही विड्रॉवल होऊ शकतो: फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन नव्याने सुरू केल्यास सीवायपी२डी६ अवरुद्ध होते व ओपिऑइड घटक घटतो. नेहमीच्या ओपिएट मूत्रचाचणीत ट्रामाडॉल सहसा आढळत नाही. त्यामुळे नकारात्मक अहवालावरून ही शक्यता फेटाळता येत नाही.

एका बाजूची अशक्तता, तोंड वाकडे होणे किंवा वाचा जाणे ही विड्रॉवलची लक्षणे नव्हेत. तेथे पक्षाघात गृहीत धरून तातडीने तपासणी केली जाते. गोंधळलेल्या रुग्णाच्या रक्तातील साखर व सोडियम प्रथम पाहतात, कारण ट्रामाडॉलमुळे दोन्ही घटू शकतात. सेरोटोनिन सिंड्रोममध्येही बाहुल्या विस्फारतात व घाम येतो, मात्र घोट्याचे लयबद्ध झटके आणि अतितीव्र प्रतिक्षिप्त क्रिया त्याकडे निर्देश करतात. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या त्याच सुमारास बंद झाल्या का, हेही विचारावे लागते. मधुमेही रुग्णात पायांची बधिरता जुनीच असू शकते. ती औषध थांबवण्यापूर्वी होती का, यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

औषध पुन्हा दिल्यावर लक्षणे ओसरल्यास निदानाला बळकटी मिळते. त्यानंतर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जाते.