फोन करणाऱ्याचा नंबर कसा कळतो?

पुण्याच्या बिबवेवाडीत माझी एक आत्या राहते. वय शहात्तर, घरात एकटी. तिच्याकडे मोबाइल आहे, पण तिचा सारा भरवसा दिवाणखान्यातल्या जुन्या टेलिफोनवर. त्या फोनवर एक छोटी काचेची पट्टी आहे. घंटा वाजली की फोन करणाऱ्याचा नंबर तिच्यावर उमटतो. नंबर ओळखीचा असेल तरच आत्या रिसीव्हर उचलते. २०२२ साली तिच्या इमारतीतल्या तांब्याच्या तारा जाऊन काचतंतूंची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, जोडणी आली. फोन तोच, नंबर तोच, आवाज तर पूर्वीपेक्षा स्वच्छ. पट्टी मात्र कोरीच! ‘फोन जुना झाला, नवा घ्या,’ असा सल्ला आत्याला मिळाला. पण फोनमध्ये काहीच बिघाड नव्हता. मग पट्टी कोरी का? हे समजण्यासाठी आधी नंबर येतो कोठून ते पाहू.

तुम्हांला वाटेल, फोन करणाऱ्याचे यंत्र आपला नंबर पाठवत असेल. तसे मुळीच नाही. त्या बिचाऱ्या यंत्राला आपला नंबर ठाऊकच नसतो! तांब्याच्या तारांवर चालणारा फोन उचलून शेजाऱ्यांच्या तारेला जोडला, तर पलीकडे शेजाऱ्यांचाच नंबर दिसेल. नंबर असतो तो तारांच्या जोडीचा. ही जोडी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्या जागी पोहोचते, त्या जागेला एक्स्चेंजने तो नंबर दिलेला असतो. मोबाइलमध्येही नंबर हँडसेटचा नसतो. सिम कार्ड ओळखून कंपनीचा संगणक आपल्या यादीतून तो शोधतो.

जुन्या एक्स्चेंजला मात्र हे सांगता येत नसे. अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर याने १८९१ मध्ये पेटंट मिळवलेली स्वयंचलित पद्धत आपल्या देशातही अनेक दशके चालली. तुम्ही आकडा फिरवला की एक्स्चेंजमधले यांत्रिक हात खटखट वर चढत, फिरत आणि पुढची तार पकडत. कॉल जोडला जाई, पण तो कोठून आला याची नोंद कोठेच नसे. कोणी त्रास देणारे फोन करू लागला, तर कॉल चालू असतानाच कर्मचाऱ्यांना एकेका हातापासून मागे मागे शोधत जावे लागे. तेवढ्यात पलीकडच्याने फोन ठेवला की शोध तेथेच संपला! १९८० नंतर आपल्याकडे संगणकावर चालणारी डिजिटल एक्स्चेंजे येऊ लागली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने तशी भारतीय बनावटीची एक्स्चेंजे तयार केली. अशा एक्स्चेंजमध्ये तुम्ही रिसीव्हर उचलताक्षणी संगणकाला कळते, की अमुक नंबरची तार जागी झाली. कोल्हापूरहून आत्याला फोन लावला, तर बोलणे सुरू होण्याआधीच कोल्हापूरचे एक्स्चेंज पुण्याकडे एक निरोप धाडते : ‘या नंबरला त्या नंबरशी बोलायचे आहे.’ बोलण्याच्या वाटेने हा निरोप जात नाही. त्याची वाट निराळी असते.

आता राहिला शेवटचा टप्पा, एक्स्चेंजपासून आत्याच्या फोनपर्यंतचा. गंमत येथेच आहे. हा निरोप चक्क सुरांच्या रूपाने येतो, आणि त्याच्या दोन भाषा आहेत.

पहिली भाषा बटणांच्या फोनची. तुम्ही ५ चे बटण दाबता तेव्हा एकाच वेळी दोन सूर निघतात : एक सेकंदाला ७७० कंपनांचा, दुसरा १३३६ कंपनांचा. २ चे सूर ६९७ आणि १३३६. प्रत्येक आकड्याची जोडी वेगळी. या पद्धतीत एक्स्चेंज घंटा वाजवण्याआधीच हे सूर भराभर वाजवून नंबर कळवते.

दुसरी भाषा संगणकाची, ० आणि १ या दोनच अंकांची. एका प्रचलित पद्धतीत १ साठी १२०० कंपनांचा सूर आणि ० साठी २२०० कंपनांचा. सेकंदाला १२०० अंक या वेगाने निरोप जातो. आपली घंटा ‘ट्रिंग-ट्रिंग’ अशी वाजून थोडी थांबते ना? त्या पहिल्या विसाव्यात, एका सेकंदाच्याही आत, नंबर, तारीख आणि वेळ पोहोचलेली असते.

आत्याच्या घरचे कोडे आता तुम्हीच सोडवाल. तांब्याच्या तारा होत्या तेव्हा तिच्याशी एक्स्चेंज बोलत असे, पहिल्या भाषेत. काचतंतूतून मात्र विजेचा प्रवाह जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे घंटा वाजवण्याचे आणि सूर काढण्याचे काम भिंतीवरच्या मोडेमकडे आले. आत्याच्या घरात जणू एक चिमुकले एक्स्चेंजच बसले म्हणा! ते बोलत होते दुसरी भाषा, आणि जुन्या फोनला ती येत नव्हती. मोडेममधली ती एक निवड बदलताच पट्टीवर आकडे उमटले. नव्या फोनचे पैसे वाचले.

नंबर न दिसण्याची कारणे आणखीही आहेत. दुसऱ्या भाषेच्या फोनवर पहिल्या घंटेलाच रिसीव्हर उचललात, तर निरोप मध्येच तुटतो. घाई करणाऱ्यांच्या घरी पट्टी नेहमी कोरी राहते ती यामुळे. पावसाळ्यात तांब्याच्या तारेचा सांधा ओला झाला की खरखर येते. अशा वेळी दोन भाषांचा स्वभाव कसा वेगळा, ते पाहा. दुसऱ्या भाषेत निरोपाच्या शेवटी बेरजेची ताळा-खूण असते. समजा ४, ७, १, ८ हे आकडे निघाले, बेरीज २०. खरखरीमुळे ७ च्या जागी ९ ऐकू आले, तर बेरीज २२ भरते. ताळा जमत नाही म्हणून फोन सगळा निरोपच टाकून देतो. पहिल्या भाषेला असा ताळा नाही. तेथे लागोपाठच्या दोन ५ मधली फट बुजली, तर एकच ५ मोजला जातो आणि नऊ आकड्यांचा विचित्र नंबर दिसतो. चुकीचा नंबर दाखवण्यापेक्षा कोरी पट्टी बरी, असे मला वाटते.

काही वेळा नंबर अचूक दिसतो, पण तोच उलट लावला तर लागत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो, आणि पट्टीवर तो बहुधा नसतो. एवढे सोपे उत्तर, पण आत्या कितीतरी दिवस ‘पोराने फोन बंद ठेवलाय’ म्हणून भाच्यावर रागावली होती!

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. २०२३ च्या दिवाळीत आत्याला फोन आला. पट्टीवर तिच्या बँकेचा नंबर. पलीकडचा माणूस गोड बोलत कार्डावरचे आकडे विचारू लागला. पट्टी तर खोटे सांगत नव्हती. आलेला निरोप तिने जसाच्या तसा दाखवला होता. खोटा होता तो निरोपच.

हे कसे शक्य आहे? पोस्टाचे पाकीट आठवा. पुढच्या बाजूचा पत्ता चुकला तर पत्र पोहोचत नाही. पण मागे पाठवणाऱ्याचा पत्ता काय लिहिला आहे, ते पोस्टमन कोठे तपासतो? फोन करणाऱ्याचा नंबर हा पाकिटामागचा पत्ता आहे. एक्स्चेंजे मोजकी आणि एकमेकांच्या विश्वासातली होती, तोवर पाठवणाऱ्या एक्स्चेंजने लिहिले ते खरे मानून चालत असे. इंटरनेटवरून फोन करता येऊ लागल्यावर तो मजकूर संगणकात हवा तसा भरणारेही निघाले.

आत्या म्हणाली, ‘‘ठेवा, मीच फोन करते.’’ पासबुकावरचा नंबर पाहून तिने बँकेला फोन लावला. तिकडून कोणीच फोन केला नव्हता! आता पाहा, नंबर तोच. पण आत्याने फिरवला तेव्हा तो पाकिटाच्या पुढच्या बाजूचा पत्ता झाला, आणि तिचा कॉल खऱ्या बँकेतच पोहोचला.

परदेशातून येणारे असे पुष्कळ कॉल भारतातला नंबर दाखवत असत. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या दूरसंचार विभागाने ते देशाच्या दाराशीच ओळखून अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. देशातल्या देशात कोणी मागचा पत्ता खोटा लिहिला, तर मात्र ते या दाराला दिसत नाही. आत्याने पासबुक टेलिफोनशेजारीच ठेवले आहे.