क्रियापद चालवायचं कसं? सोलापुरातून स्पॅनिशकडे

मागच्या व्याख्यानात आपण स्पॅनिशचे उच्चार पाहिले. आज क्रियापद घेऊ. शाळेत संस्कृतच्या तासाला आपण ‘राम’ शब्द चालवायचो, ‘गम्’ धातू चालवायचो. तेच काम आज ‘आब्लार’ या स्पॅनिश क्रियापदावर करायचं आहे. आब्लार म्हणजे बोलणे. ते पूर्ण नियमित आहे. म्हणजे हे एक चालवता आलं की त्याच गटातली शेकडो क्रियापदं चालवता येतात.

सुरुवात मात्र एका प्रश्नापासून करतो. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक मुलगा आम्हाला भेटला. म्हणाला, “सर, आमचं मराठीच शुद्ध नाही. मुलाखतीत मी ‘करलालो’ म्हणालो तर समोरचे हसले. मग स्पॅनिश कसं जमायचं?” तेव्हा आम्ही ‘जमेल रे’ एवढंच म्हणालो. ते उत्तर पुरेसं नव्हतं. आजचं व्याख्यान हे त्याला दिलेलं उत्तर समजा.

कोष्टक वाचायचं कसं

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. चिनी भाषेत क्रियापद रूप बदलत नाही. मी, तू, ते, कुणीही असो, शब्द तोच राहतो. स्पॅनिशचं उलट आहे. तिथे कर्ता बहुतेक वेळा बोलतच नाहीत, क्रियापदाच्या शेपटीवरून तो ओळखायचा.

आब्लारमधला शेवटचा ‘आर’ काढा. उरलं ‘आब्ल’. हा धातू. आता वर्तमानकाळाचे सहा प्रत्यय लावू:

मी – आब्लो
तू – आब्लास
तो, ती – आब्ला
आम्ही – आब्लामोस
तुम्ही – आब्लाइस
ते, त्या – आब्लान

दोन सूचना. ‘तुम्ही’साठीचं आब्लाइस हे मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत तिथे आब्लान वापरतात. आणि आदरार्थी ‘आपण’साठी ‘उस्तेद’ हे सर्वनाम असून त्याला तृतीयपुरुषी रूप लागतं: उस्तेद आब्ला. हे सर्वनाम जुन्या ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या संबोधनातून झिजून आलं. मोठ्या माणसाला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेशी बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषात गेलं.

आता आपल्याकडे बघू. मराठीत नुसतं ‘बोलतो’ म्हटलं तर ‘मी बोलतो’ की ‘तो बोलतो’, हे कळत नाही. ‘बोलतोस’ म्हटलं की ‘तू’ कळतो. म्हणजे पुरुष दाखवायचं काम मराठी अर्धंच करते. उलट बोलणारा बाई की पुरुष, हे मराठी सांगते: बोलतो, बोलते. स्पॅनिशमधल्या या सहा रूपांना लिंगाशी काही देणंघेणं नाही.

आपल्या पूर्व भागात ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांना हे कोष्टक परकं वाटायचं कारण नाही. चेस्तानु म्हणजे मी करतो, चेस्तावु म्हणजे तू करतोस, चेस्ताडु म्हणजे तो करतो, चेस्तामु म्हणजे आम्ही करतो. कर्ता गाळला तरी चालतं, कारण प्रत्यय सगळं सांगतो. कन्नडमध्येही माडुत्तेने म्हणजे मी करतो, माडुत्ताने म्हणजे तो करतो. ज्या गावात सकाळी दुकानात मराठी, कारखान्यात तेलुगू आणि बाजारात कन्नड कानावर पडते, तिथल्या माणसाच्या डोक्यात अशी कोष्टकं आधीपासूनच असतात. त्याने ती कागदावर मांडलेली नसतात, इतकंच.

दोन भूतकाळ

स्पॅनिशचे दोन साधे भूतकाळ आहेत आणि इंग्रजीवरून शिकणारे इथे हमखास अडखळतात. मराठीवरून या, अडचण बरीच कमी होते.

पहिला, घडून संपलेल्या गोष्टीचा: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. शेवटी जोर द्यायचा तिथे आम्ही अवग्रह लिहितो आहोत. तो जोर महत्त्वाचा आहे. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. जोर चुकला की काळही बदलतो आणि माणूसही बदलतो. आब्लामोस मात्र दोन्ही काळांत सारखंच, ते संदर्भावरून ओळखायचं.

दुसरा, सवयीचा किंवा चालू असलेल्या गोष्टीचा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. ‘आजोबा गिरणीतून आल्यावर आमच्याशी बोलायचे’, यातलं ‘बोलायचे’ म्हणजे आब्लाबा. जुन्या मराठीत इथे ‘बोले’, ‘करी’, ‘जाई’ अशी रूपं येत. ‘आजोबा काल फोनवर बोलले’, हे मात्र आब्लोऽ. बोलायचे आणि बोलले यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तोच फरक तिथे न्यायचा.

एका बाबतीत स्पॅनिश मराठीपेक्षा सोपी आहे. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी शेंगा खाल्ल्या’. खाणारा मीच, पण क्रियापद बदलतं ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. स्पॅनिशमध्ये काहीही खा, ‘कोमीऽ’ एवढंच. जो हे तीन प्रकारचं ‘खाल्लं’ न चुकता बोलतो, त्याने सहा प्रत्ययांना घाबरू नये.

भविष्यकाळ कुठून आला

आता भविष्यकाळ: आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लाराऽन. इथे ‘आर’ काढायचा नाही, पूर्ण आब्लारलाच प्रत्यय लावायचे.

असं का? ‘आबेर’ म्हणजे ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचं एक सहाय्यक क्रियापद आहे. त्याची वर्तमानातली रूपं ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. आता ती आब्लारच्या मागे ठेवा. आब्लार अधिक ए बरोबर आब्लारेऽ. ‘मला बोलायचं आहे’ अशा अर्थाचे दोन शब्द शेजारी शेजारी उभे होते, बोलता बोलता ते जुळले आणि सहाय्यक क्रियापदाचा प्रत्यय झाला. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोघांच्या मध्ये सर्वनाम बसवता येत असे. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही बसतं, म्हणजे सांधा अजून दिसतो.

मराठीत हेच आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. ‘करतो आहे’ याचं ‘करतोय’ झालं. ‘आहे’ हा शब्द आक्रसून ‘य’ उरला. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे रूप रोज असतं, त्याला कुणी हसत नाही.

आणि आता त्या मुलाचं ‘करलालो’. ‘करायला लागलो’ हे झपाझप दोन-चारदा म्हणून बघा, तुमचं रूप तुम्हालाच ऐकू येईल. पुढे ते चालवून बघा: मी करलालो, तू करलालास, तो करलालाय, ती करलालीय. पुरुष आहे, लिंग आहे, वचन आहे. दुसरं क्रियापद घ्या, तसंच चालतं. व्याकरणात नियमित म्हणतात ते यालाच. म्हणजे मुलाखतीत हसले ते चुकीला नव्हे, अनोळखी नियमाला.

‘बोलावंस’ म्हणजे काय

स्पॅनिशचं सगळ्यात धास्तीचं प्रकरण म्हणजे ‘सुब्खुन्तीवो’. हा काळ नव्हे, हा अर्थ आहे. घडलेली गोष्ट सांगताना एक रूप, आणि इच्छा, शंका, अपेक्षा सांगताना दुसरं. रूपं अशी: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. युक्ती सोपी आहे. ‘आर’वाल्या क्रियापदात ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो. ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांत उलट ‘आ’ येतो: कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमा, कोमास.

‘तू बोलतोस’ म्हणजे आब्लास. ‘तू बोलावंस असं मला वाटतं’ म्हणजे ‘किएरो के आब्लेस’. पाहिलंत? आपलं ‘बोलावंस’ तंतोतंत त्या जागेवर बसतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे वाख्यात या नावाने पाठ केलेलं असेल. करतो हे ताख्यात, केला हे लाख्यात, करू हे ऊआख्यात, करावा हे वाख्यात. प्रत्ययावरून नाव देण्याची ही पद्धत चांगली आहे, कारण रूप आणि अर्थ वेगळे ठेवता येतात.

आज्ञार्थातही असंच. ‘बोल’ म्हणजे आब्ला. पण ‘बोलू नकोस’ म्हणजे ‘नो आब्लेस’. नकार आला की रूप बदललं. मराठीतही ‘बोल’चं ‘बोल नको’ होत नाही, ‘बोलू नकोस’ होतं. ‘बोलू या’साठी आब्लेमोस.

राहिला ‘जर-तर’. आब्लारोनमधला ‘रोन’ काढा आणि ‘रा’ लावा: आब्लारा. ‘तर’च्या भागाला आब्लारीया हे रूप, तेही पूर्ण आब्लारला प्रत्यय लावून. ‘सी आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीया एन माद्रीद’, म्हणजे मला स्पॅनिश बोलता येत असतं, तर मी माद्रिदला काम केलं असतं. त्राबाखार म्हणजे काम करणे. शेवटी पूर्ण काळ, तो आबेरच्याच रूपांनी: ‘ए आब्लादो’, मी बोललो आहे.

नियम कुणाचा

युरोपातल्या बोलीभाषांपैकी स्पॅनिशचं व्याकरण फार लवकर छापलं गेलं. आन्तोनियो दे नेब्रिखा याने ते १४९२ साली लिहिलं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं. पण या सगळ्यांच्या आधी लोक बोलतच होते, आणि नियमानेच बोलत होते. व्याकरणकार नियम शोधतो. तो नियम तयार करत नाही.

आर्जेन्टिनाचं उदाहरण देऊन थांबतो. तिथे ‘तू’साठी ‘तू आब्लास’ म्हणत नाहीत, ‘वोस आब्लाऽस’ म्हणतात. सर्वनाम वेगळं, जोर शेवटी. शाळेत कित्येक पिढ्यांना हे अशुद्ध आहे असं शिकवलं गेलं. लोक घरी तेच बोलत राहिले. अखेर १९८२ साली तिथल्या साहित्य अकादमीने हे रूप मान्य केलं. रूप आधीही नियमित होतं, नंतरही नियमितच राहिलं. बदलली ती ऐकणाऱ्यांची नजर.

तेव्हा त्या मुलाला आमचं सांगणं असं. मुलाखतीत ‘करतोय’ म्हण, कारण तिथे ते रूप चालतं. घरी, मित्रांत ‘करलालो’ म्हण, कारण तिथे ते चालतं. स्पॅनिश शिकणारासुद्धा हेच करतो, माद्रिदला आब्लास आणि ब्युनोस आयरेसला आब्लाऽस. तुला दोन कोष्टकं येतात. एकच येणाऱ्यापेक्षा तू पुढे आहेस. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या वेळी येताना वहीत ‘कान्तार’ म्हणजे गाणे, हे क्रियापद सगळ्या काळांत चालवून आणा. शेजारच्या रकान्यात तुमच्या घरच्या बोलीतलं रूप लिहा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, जी असेल ती. पुस्तकातलं नको, आई बोलते तसं लिहा. त्यावरून आपण अनियमित क्रियापदांकडे जाऊ.